वाचिक अपमान

एखाद्याचा मान, योग्यता किंवा समाजातले स्थान कमी लेखणारे बोलणे म्हणजे वाचिक अपमान. बोलणाऱ्याचा हेतू तसा होता म्हणून ते अपमान ठरते की ऐकणाऱ्याला ते लागले म्हणून, हा या विषयातला जुना वाद आहे.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात, तिसऱ्या अधिकरणात, ‘वाक्पारुष्य’ या गुन्ह्याचे स्वतंत्र प्रकरण असून त्यात निंदा, कुत्सित बोलणे आणि धमकावणे असे त्याचे प्रकार सांगितले आहेत. एका डोळ्याने आंधळ्या असलेल्या माणसाला ‘काणा’ म्हटले तर 3 पण (त्या काळचे नाणे) दंड, तसे व्यंग नसताना म्हटले तर 6 पण, आणि व्यंग असलेल्यालाच ‘काय सुंदर डोळे!’ असे म्हणून स्तुतीच्या मिषाने हिणवले तर 12 पण. या तिन्हींत सर्वांत मोठा दंड ज्या वाक्याला आहे त्यात एकही वाईट शब्द नाही, ही गोष्ट मुद्दाम लक्षात घ्यावी अशी आहे. खरे बोलणे हा बचाव तिथे पुरेसा नाही. मात्र अनवधानाने, नशेत किंवा भ्रमात तसे बोलले गेले तर दंड निम्मा होतो, म्हणजे हेतू नसल्याने अपराध हलका होतो, पुसला जात नाही.

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात हेच माप वर्णावर बसवलेले आहे. ब्राह्मणाला शिवीगाळ करणाऱ्या क्षत्रियाला 100 पण दंड आणि शूद्राला शारीरिक शिक्षा, तर शूद्राला तसेच बोलणाऱ्या ब्राह्मणाला अवघे 12 पण. कुणाचा मान मोलाचा मानायचा हे आधी ठरवून मग अपमान मोजणारी ही व्यवस्था अन्याय्य होती, आणि तिचे परिणाम कायद्याच्या पोथीपुरते राहिले नाहीत. महाराष्ट्रातील खेड्यांत वयोवृद्ध दलित स्त्री-पुरुषांना सवर्ण घरांतली लहान मुलेही एकेरी हाक मारीत. त्या मुलांच्या मनात दुष्टावा नसे, ती घरात ऐकलेलेच बोलत. तरीही तो अपमानच होता, कारण समोरच्याला अहोजाहो करण्याची गरज नाही हे त्या हाकेतच गृहीत होते. केवळ हेतूवर बोट ठेवणारी व्याख्या इथे अपुरी पडते. उलट मालवणी मुलखात जुने मित्र भेटताच एकमेकांना जी शिवी हासडतात ती जिव्हाळ्याची असते, आणि तीच परक्याने दिली तर भांडण होते. तेव्हा अपमान झाला की नाही हे त्या शब्दाला त्या समाजात, त्या दोघांच्या नात्यात असलेल्या अर्थावरून ठरवणे अधिक योग्य. हेतूवरून ठरतो तो बोलणाऱ्याचा दोष.

आजच्या भारतीय कायद्यात शिक्षेसाठी हेतूला किंवा परिणामाच्या जाणिवेला महत्त्व आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम 352 (पूर्वीचे दंडसंहितेचे 504) खाली अपमान हेतुपुरस्सर असावा लागतो, आणि त्यामुळे चिथावून समोरचा शांतताभंग करील असा उद्देश किंवा तशी जाणीवही असावी लागते. नुसता उद्धटपणा पुरत नाही. धार्मिक भावना दुखावण्यासंबंधीच्या, पूर्वीच्या दंडसंहितेतील 295अ या कलमाविषयी सर्वोच्च न्यायालयाने 1957 मध्ये रामजीलाल मोदी खटल्यात म्हटले, की नकळत किंवा निष्काळजीपणे झालेला अपमान या कलमात येत नाही. कुणीतरी दुखावले एवढ्यावरच बोलणाऱ्याला तुरुंगात धाडता आले, तर बोलण्यावर मर्यादा घालण्याचा अधिकार सर्वांत लवकर चिडणाऱ्याच्या हाती जाईल, म्हणून ही अट रास्त आहे.

अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती (अत्याचार प्रतिबंध) अधिनियम, 1989 मध्येही पाणउतारा करण्याचा हेतू आणि लोकांच्या नजरेसमोरचे ठिकाण या दोन्ही अटी आहेत. तथापि 2008 च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की जातिवाचक शब्दाचा केवळ मूळ अर्थ न पाहता तो आज लोकव्यवहारात कोणत्या अर्थाने वापरला जातो हे पाहावे. त्यामुळे ‘मी फक्त जातीचे नाव घेतले’ हा बचाव दुबळा झाला.

हाच वाद दिलगिरीच्या भाषेतही दिसतो. ‘कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर दिलगीर आहे’ या सार्वजनिक जीवनात रुळलेल्या वाक्यात बोललेल्या शब्दांची जबाबदारी घेतलेली नसते; दुखावणे हे ऐकणाऱ्याकडे घडलेले काहीतरी, आणि तेही शंकास्पद, असे त्यात मानलेले असते. ज्याचा अपमान झाला त्याला अशी दिलगिरी अनेकदा पुरेशी वाटत नाही, कारण आपण बोललो ते त्या माणसाला बोलण्याजोगे नव्हते, ही कबुली तिच्यात नसते.