कातिपुनान: उसने किती, स्वतःचे किती?

१८९६ साली स्पेनविरुद्ध उठलेल्या कातिपुनान या फिलिपिनो गुप्त संघटनेची रचना पाहिली की अभ्यासकांचे बोट आधी फ्रीमेसन या युरोपातून आलेल्या गुप्त बंधुसंघाकडे जाते. ते साहजिकच आहे. ७ जुलै १८९२ रोजी मनिलात ती स्थापन करणाऱ्यांपैकी आन्द्रेस बोनिफासियो स्वतः मेसन होता. सभासदांच्या पायऱ्या, बुरखे, परवलीचे शब्द हा सगळा साचा मेसन लॉजचा, म्हणजे त्या संघाच्या शाखेचा. त्यात भरलेला मजकूर मात्र तिथला नाही. पहिल्या पायरीवरच्या 'कातिपोन'चा बुरखा काळा आणि परवल 'आनाक नांग बायान', म्हणजे मायभूमीचे लेकरू. दुसऱ्या पायरीवरच्या 'कावाल'चा बुरखा हिरवा आणि परवल 'गोमबुर्सा'. १८७२ मध्ये स्पेनने गळा आवळून मारलेल्या गोमेस, बुर्गोस आणि सामोरा या तीन पाद्र्यांच्या नावांची ती आद्याक्षरे. तिसऱ्या 'बायानी'चा बुरखा तांबडा, परवल 'रिझाल', म्हणजे फिलिपिनो लेखक होसे रिझालचे नाव.

सभासद वाढवण्याची पहिली रीत त्रिकोणाची होती. प्रत्येकाने एकमेकांना न ओळखणारे दोघे आणायचे, म्हणजे एक पकडला गेला तरी त्याच्याकडून मोजकीच नावे फुटतील. कागदावर चोख असलेली ही रीत व्यवहारात किचकट ठरली आणि काही महिन्यांतच सोडून द्यावी लागली.

दीक्षाविधीत मात्र खरी गंमत आहे. अंधाऱ्या, काळ्या पडद्यांच्या खोलीत कवटी आणि कोयता ठेवलेला असे. मेसन दीक्षेतही असाच कोंडून विचार करायला लावतात. पण उमेदवारापुढे प्रश्न येत ते असे: स्पॅनिश लोक आले तेव्हा आपली स्थिती कशी होती? आज कशी आहे? पुढे कशी होईल? पहिल्याचे अपेक्षित उत्तर होते की आपण सुखी, सुसंस्कृत होतो, आपल्याला स्वतःची लिपी होती. या उत्तरामागे होसे रिझालची मेहनत आहे. आन्तोनिओ दे मोर्गा या स्पॅनिश अधिकाऱ्याचे १६०९ सालचे पुस्तक त्याने लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये उतरवून काढले आणि १८९० मध्ये टिपांसह छापले. देशी भूतकाळाचा पुरावा असा परक्याच्या लेखणीतून आणि परक्या ग्रंथालयातून आला. वैभव, पतन, सुटका ही तीन टप्प्यांची मांडणी गावकऱ्यांच्या कानावर आधीपासूनच होती, कारण चाळीस दिवसांच्या उपवासकाळात गायल्या जाणाऱ्या ख्रिस्तकथेत, 'पास्योन'मध्ये, ती येते. म्हणूनच ती कष्टकऱ्यांनाही लगेच पटली, असे मला वाटते.

शेवटी डाव्या हाताला छेद देऊन त्या रक्ताने सही करायची. स्पॅनिश येण्यापूर्वी बेटांवरचे प्रमुख एकमेकांचे रक्त दारूत मिसळून पीत आणि भाऊ होत. १५६५ मध्ये बोहोल बेटाचा प्रमुख सिकातुना आणि स्पॅनिश मोहिमेचा म्होरक्या लेगास्पी यांनी असाच करार केला होता. बोनिफासियोने आपल्या लेखात त्याच करारावर बोट ठेवले: आम्ही शब्द पाळला, स्पेनने मोडला. त्यामुळे नव्या रक्तसहीला जुना करार मोडल्याचा जाब विचारण्याचा अर्थ आला. हे लॉजमध्ये शिकायला मिळत नाही.

कातिपुनानचा एक पुढारी एमिलिओ हासिन्तो याने सभासदांसाठी लिहिलेल्या 'कार्तिल्या' या आचारसंहितेतही हेच दिसते. सगळी माणसे समान, हा विचार युरोपातही घुमत होता. पण थोरवी राजेपदात, सरळ नाकात, गोऱ्या कातडीत किंवा पाद्रीपणात नसते, ही त्याची यादी मनिलाच्या रस्त्यावर रोज अपमान सोसणाऱ्याची आहे.

आता उलट उदाहरण. बोनिफासियोला मे १८९७ मध्ये आपल्याच पक्षातल्या लोकांनी मारले, आणि नोव्हेंबरात, उठावाचे नेतृत्व हाती घेतलेल्या आगिनाल्दोच्या गटाने बियाक-ना-बातो येथे राज्यघटना मंजूर केली. ती जवळजवळ शब्दशः क्यूबाच्या १८९५ च्या खिमाग्वायू घटनेवरून घेतली होती. लढाई चालू असताना घाईत तयार मसुदा हाती धरण्यात गैर काही नाही, पण दीक्षाविधीइतका विचार त्यात मुरलेला नाही. एक कलम तेवढे क्यूबाचे असणे शक्यच नव्हते: प्रजासत्ताकाची अधिकृत भाषा तागालोग असेल.