बॅकबेचा भराव: प्रेमचंदशेठचा की लॉइडचा?

मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसलं की कुणीतरी हमखास सांगतं, "ही सगळी जमीन प्रेमचंद रायचंदने समुद्र बुजवून काढली आणि त्यातच त्याचं दिवाळं निघालं." दिवाळं निघालं हे खरं. पण ही जमीन त्यांची नव्हे. बॅकबे, म्हणजे मलबार हिल आणि कुलाबा यांच्यामधला उथळ समुद्र, भरायचे दोन मोठे घाट घातले गेले. त्यांच्यात जवळपास साठ वर्षांचं अंतर आहे, आणि दोन्ही फसले ते अगदी वेगळ्या कारणांनी.

पहिला कापसाच्या पैशावर उभा राहिला. १८६१मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, लँकेशायरच्या गिरण्यांना तिथला कापूस मिळेनासा झाला आणि मुंबईत पैशाचा पूर आला. त्या भरात कापसाचे बडे व्यापारी आणि सट्टेबाज प्रेमचंद रायचंद यांच्या पुढाकाराने बॅकबे रेक्लमेशन कंपनी निघाली. मलबार हिलपासून कुलाब्याच्या टोकापर्यंत समुद्र हटवायचा बेत होता. पाच हजार रुपये भरलेल्या शेअरचा भाव पन्नास हजारांवर गेला. १८६५मध्ये युद्ध थांबलं, कापूस गडगडला आणि १ जुलैला वायद्यांचे पैसे चुकते करायची वेळ आली तेव्हा बाजार कोसळला. या कंपनीला समुद्राने नव्हे, सट्ट्याने बुडवलं. मागे उरली किनाऱ्याची अरुंद पट्टी. चर्चगेटकडे येणारी रेल्वे तिच्यावरून आली.

दुसरा घाट सरकारी. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांनी १९२०मध्ये विकास खातं काढलं. १,१४५ एकर, आठ ब्लॉक, पैसा कर्जाचा, म्हणजे शेवटी जनतेचा. बंदराच्या तळाचा गाळ ड्रेजरने उपसायचा आणि नळांतून भिंतीआड सोडायचा, अशी योजना होती. पण भिंत दगडांच्या राशीची, तिच्या फटींतून गाळ परत समुद्रात जायचा. ड्रेजरही अंदाजाइतका गाळ काढेना. खर्च फुगत गेला, लोक या योजनेला 'लॉइडचा वेडेपणा' म्हणू लागले.

वकील खुर्शेद फ्रामजी नरिमन यांनी या कारभारावर जाहीर आरोप केले. हार्वे नावाच्या अधिकाऱ्याने त्यांच्यावर बदनामीचा खटला भरला, त्यातून १९२८मध्ये नरिमन निर्दोष सुटले. सत्ताधाऱ्यांशी असं भिडणं त्या काळी सोपं नव्हतं, म्हणून हा भाग मला साऱ्या कहाणीत सर्वांत मोलाचा वाटतो.

अखेर आठांपैकी चारच ब्लॉक भरले: १, २, ७ आणि ८, मिळून सुमारे ४४० एकर. त्यातले २३५ एकर कुलाब्याकडे लष्कराने घेतले. उत्तरेकडच्या जमिनीवर मरीन ड्राइव्ह आणि तिथल्या गोलसर सज्जांच्या इमारती उभ्या राहिल्या. म्हणजे आपण बसतो तो कठडा दुसऱ्या घाटाचा.

नरिमन पॉइंट मात्र या दोन्हींत मोडत नाही. अर्धवट सोडलेल्या ब्लॉकांमध्ये स्वातंत्र्यानंतर भराव पडला, त्यातून ती जमीन झाली. तिला नाव दिलं ते त्या वकिलाचं.