बोजा चढतो, कर्ज फिटतं

पीककर्ज काढलं की सातबाऱ्यावर बोजा चढतो. पैसे भरल्यावर तो कमी करायला तलाठ्याकडे अर्ज द्यावा लागतो. यवतमाळ असो की वाशीम, कर्ज फेडलं म्हणणारा शेतकरी 'बोजा फेडला' म्हणत नाही. व्याकरणात चूक नाही, तरी कानाला खटकतं. शब्दांच्या अशा ठरलेल्या सोबतीला भाषाविज्ञानात कोलोकेशन म्हणतात.

गावच्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी पोरं इंग्रजीत इथंच अडतात. बर्डनसाठी 'शोल्डर' हे क्रियापद सोपं, खांद्यावर घेणं आपल्यालाही कळतं. पण रिस्पॉन्सिबिलिटी पार पाडायची तर 'डिस्चार्ज'! हा शब्द आपल्याला बॅटरीमुळे आणि दवाखान्यामुळे माहीत. झटकायची तर 'शर्क'. (वऱ्हाडात जबाबदारीची जिम्मेदारी होते, पण झटकतात तीही.) 'बेअर द ब्रंट'मधला (मुख्य मार सोसणं) ब्रंट तर एकटा क्वचितच भेटतो.

शब्दाची ओळख त्याच्या संगतीवरून होते, हे १९५७ साली जे. आर. फर्थ या इंग्रज भाषाशास्त्रज्ञानं मांडलं. त्याच्या कितीतरी आधी, १९१९ ते १९२८, ते लाहोरच्या पंजाब विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते. ही संगत मोजायची कशी, यावर संगणकाच्या मदतीनं भाषा अभ्यासणारे केनेथ चर्च आणि कोशकार पॅट्रिक हँक्स यांनी १९९० मध्ये एक माप सुचवलं. लाखो वाक्यांच्या साठ्यात दोन शब्द निव्वळ योगायोगानं किती वेळा शेजारी आले असते, ते आधी काढायचं. मग प्रत्यक्षात किती वेळा आले, ते पाहायचं. दर दुपटीला एक गुण, म्हणजे योगायोगाच्या ८ पट आले तर गुण ३, १,०२४ पट आले तर १०.

गंमत अशी की 'टेक रिस्पॉन्सिबिलिटी' ही जोडी कितीतरी जास्त वेळा दिसते, पण गुण शर्कला जास्त. टेक म्हणजे आठवडी बाजारातला चहावाला, त्याच्यापाशी कोणीही उभं दिसतं. त्यावरून नातं ठरत नाही. शर्क मात्र काम, कर्तव्य, जबाबदारी यांच्यापलीकडे सहसा जात नाही.

या मापाचा एक दोषही आहे. साठ्यात एकदाच आलेला दुर्मीळ शब्द, अगदी छपाईची चूकसुद्धा, भरमसाट गुण मिळवून जाते. म्हणून कोशकार नुसती वारंवारताही सोबत बघतात. अभ्यासिकेतल्या पोरांनीही दोन्ही बघावं. निबंध लिहिताना टेक कामी येतो, रिकाम्या जागा भरताना शर्क.