परतलेल्या मुलाचा मेंदू

पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओनमध्ये १९९१ ते २००२ या काळात यादवी युद्ध चाललं. त्यात हजारो मुलं बालसैनिक म्हणून ओढली गेली. पळवून आणलेल्या मुलांना अमली पदार्थ दिले जात. काहींना तर स्वतःच्याच गावावर हल्ला करायला लावत, म्हणजे परतीची वाटच बंद.

मुलंच का? धोका ओळखून शरीराला पेटवणारा मेंदूतला अमिग्डाला हा भाग लहान वयातही जोमाने काम करतो. ‘थांब, विचार कर’ म्हणणारा कपाळामागचा भाग मात्र पंचविशीपर्यंत घडत असतो. त्यात रोज जिवाची भीती. अॅड्रेनॅलिन आणि कॉर्टिसॉल ही तणावाची संप्रेरकं पुन्हापुन्हा उसळतात आणि शरीर कायम सावध राहायला शिकतं. घरी परतल्यावर दार आपटलं तरी मूल दचकून उठतं, झोपेत ओरडतं. याला ‘मेंदू बिघडला’ म्हणणं मला पटत नाही. जिवंत राहण्यासाठी जे शिकावं लागलं, तेच तो विसरू शकत नाही.

संशोधक थेरेसा बेटनकोर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२पासून सिएरा लिओनमधल्या अशा मुलांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला. ज्यांच्या हातून कुणी जखमी झालं किंवा मारलं गेलं, त्यांच्यात पुढे शत्रुत्वाची भावना जास्त आढळली. पण युद्धात काय घडलं एवढ्यावर सगळं ठरत नव्हतं. घरच्यांनी, गावाने जवळ केलेली मुलं तुलनेने सावरली. ‘बंडखोर’ म्हणून हिणवलेली मुलं अधिक खचली. युद्ध संपल्यावर शेजारी कसे वागतात, हाही उपचाराचाच भाग आहे! उत्तर युगांडातले अचोली लोक बंडखोरांकडून परतलेल्या मुलाला शुद्धीचा विधी म्हणून अंड्यावर पाय ठेवायला लावून घरात घेतात, त्यामागची जाण किती खोल आहे.

त्याच भागातल्या ८५ माजी बालसैनिकांवर झालेला एक प्रयोग २०११मध्ये प्रसिद्ध झाला. स्थानिक, प्रशिक्षण दिलेल्या साध्या माणसांनी त्यांच्यातल्या काहींकडून आठ बैठकांत आयुष्याची गोष्ट क्रमाने सांगून घेतली. आघाताची आठवण काळवेळ हरवून बसते. आता घडतंय असंच वाटतं. तिला ‘तेव्हा, तिथे’ असं बसवलं, तशी लक्षणं कमी झाली.

या पद्धतीत जमिनीवर एक दोरी पसरतात. वाईट प्रसंगांसाठी दगड, चांगल्यांसाठी फुलं. दोरीचं शेवटचं टोक गुंडाळलेलंच ठेवतात, कारण तिथलं आयुष्य अजून जगायचं असतं.