‘ब्राउन टर्की’ नेमकी कोणती? थंड मुलखातल्या अंजिरांच्या नावांची पार्श्वभूमी

थंड मुलखात परसात अंजीर लावणारा माणूस सुरुवातीला रोपवाटिकेच्या चिठ्ठीवरच्या ‘ब्राउन टर्की’सारख्या जातीच्या नावावर भरवसा ठेवतो आणि तिथेच फसतो, कारण एकाच नावाने वेगवेगळी झाडं विकली जातात. पुरंदरच्या शेतकऱ्याला हा घोर नाही. सासवड-दिव्याच्या पट्ट्यात बहुतेक सगळीकडे पुणेरी अंजीरच, त्यामुळे चर्चा होते ती खट्टा (पावसाळी) बहार धरायचा की मीठा (उन्हाळी) याची. न्यू जर्सीत किंवा शिकागोत राहणाऱ्या मराठी माणसाने तीच हौस करायची ठरवली, तर जात कोणती यावरच सगळं अवलंबून असतं. तिथे झाडाला वाढायला जेमतेम पाच-सहा महिने मिळतात. तीन आठवडे उशिरा पिकणारी जात असली, की फळं हिरवीच राहतात आणि गोठून गळतात.

नावांचा गुंता झाला तो अंजिराच्या स्वभावामुळे. जॉर्डनच्या खोऱ्यात जेरिकोजवळ सुमारे ११,००० वर्षांपूर्वीची सुकी अंजिरं सापडली आहेत. ती परागीकरणाशिवाय धरलेली, म्हणजे बी रुजू न शकणारी आणि म्हणून माणसाने फांद्या लावून वाढवलेल्या झाडांची असावीत, असा दावा २००६ साली झाला. त्यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पण फांदी तोडून मातीत खोचली की झाड तयार होतं, एवढं खरं. फांदी बोटीतून, सामानातून, शेजाऱ्याच्या हातून कुठेही जाते. नाव मात्र वाटेत गळतं, नाहीतर नवंच चिकटतं.

इंग्लंडमध्ये हे फार आधी लक्षात आलं. एकोणिसाव्या शतकात लंडनच्या एका बागायती संस्थेने चिझिकच्या बागेत ठिकठिकाणची फळझाडं शेजारी शेजारी लावली आणि एकाच झाडाची किती नावं फिरताहेत ते तपासलं. १८२६ साली बागेतल्या फळांची यादी छापूनही आली. पुढच्या इंग्रजी फळकोशांत ब्राउन टर्कीखाली ब्राउन नेपल्स, ब्लू बरगंडी, लार्ज ब्लू, लीज पर्पेच्युअल अशी नावांची रांगच दिसते. ही जात तिकडे टिकली याला कारण आहे. इंग्लंडच्या उन्हाळ्यात चालू वर्षाच्या फुटीवरची अंजिरं उघड्यावर सहसा पिकत नाहीत. शरद ऋतूत फांदीच्या टोकाशी वाटाण्याएवढी बारीक फळं असतात, ती थंडी काढतात आणि पुढच्या ऑगस्ट-सप्टेंबरात पिकतात. म्हणून जाणते माळी पानगळीच्या सुमारास मोठी हिरवी फळं खुडून टाकतात आणि टोकाच्या बारक्यांना हात लावत नाहीत. दक्षिणेकडची भिंत आणि मुळं आवळून धरणारी कुंडी किंवा खड्डा मिळाला, की ब्राउन टर्की हे वेळापत्रक निमूट पाळते.

खरा घोळ झाला कॅलिफोर्नियात. तिथे ब्राउन टर्की म्हणून जी बागायती जात पसरली, तिचा इंग्लंडच्या झाडाशी संबंध नाही. तिचं फळ थोराड, जांभळट काळं, डोळा (फळाच्या टोकाचं भोक) मोठा आणि उघडा. पूर्व अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये त्याच नावाने मिळणारं फळ मध्यम, तांबूस तपकिरी. कॅलिफोर्नियातली जात उशिरा पिकते आणि थंडीला कमी टिकते. १९५५ साली तिथल्याच एका विद्यापीठातल्या फळतज्ज्ञाने सहाशेहून अधिक नावांची छाननी करणारा ग्रंथ लिहिला आणि या जातीला ‘सान पिएरो’ या नावाखाली घातलं. निर्णय स्वच्छ होता, पण व्यापाराने तो मानला नाही. बाजारात ओळखीचं झालेलं नाव सोडायला कोणी तयार नव्हतं. ‘नाव तर लोकांच्या तोंडी बसलंय, आता बदलून काय मिळणार?’ हा युक्तिवाद आजही ऐकू येतो. थंड भागातल्या माणसाच्या दृष्टीने तो अन्यायाचा आहे. तो झाड आणतो, तीन हिवाळे गोणपाटात गुंडाळून जपतो आणि चौथ्या वर्षी त्याला कळतं, की हे फळ आपल्याकडे पिकणारच नव्हतं. १९५५ चा निर्णय रोपवाटिकांनी तेव्हाच पाळायला हवा होता.

असाच फटका दुसऱ्या बाजूनेही बसतो. स्मिर्ना गटाच्या अंजिराला परागीकरण लागतं आणि ते जेमतेम दोन मिलिमीटरची एक गांधीलमाशी करते. कॅलिफोर्नियात १८८० च्या दशकात आणलेल्या स्मिर्ना झाडांची फळं वर्षानुवर्षं गळत राहिली. १८९९ साली माशी तिथे स्थिरावली, तेव्हा कुठे पीक लागलं. इंग्लंडमध्ये किंवा न्यूयॉर्ककडे ही माशी नाही. तरी कॅलिफोर्नियाहून मागवलेल्या काड्यांत अशी एखादी जात येतेच आणि तिची फळं लहानपणीच पिवळी पडून गळतात.

न्यूयॉर्क, न्यू जर्सी, शिकागोकडे आलेल्या इटालियन स्थलांतरितांच्या झाडांना तर नावंच नव्हती. हिवाळ्यात फांद्या बांधून झाड चरात आडवं करायचं, वर माती लोटायची, नाहीतर गोधड्या-ताडपत्री गुंडाळून टोकावर बादली पालथी घालायची, एवढं घराघरात ठाऊक होतं. पुढे हौशी लोकांनी या झाडांच्या काड्या नेल्या आणि गल्लीचं, गावाचं, म्हाताऱ्या मालकाचं नाव लावलं. हार्डी शिकागो, टाकोमा व्हायोलेट, मार्सेय ब्लॅक अशी एकमेकांसारखी दिसणारी झाडं आता ‘माउंट एटना’ गटात धरतात.

पानावरून यांची ओळख पटवणं जवळजवळ अशक्य आहे. एकाच झाडावर अखंड, तीन खाचांचं आणि पाच खाचांचं पान सापडतं, शिवाय मोझॅक विषाणूने पानं वेडीवाकडी होतात ती वेगळीच. निदान दोन हंगाम पिकलेलं फळ उभं कापून गराचा रंग, डोळा, देठ आणि सालीची जाडी पाहावी लागते. गेल्या वीसेक वर्षांत डीएनए तपासणीने बरीच नावं एकाच झाडाची असल्याचं दाखवलं. तरीही ती सगळी एका नावाखाली घालायला अनेक जुने बागायतदार तयार नाहीत. एखाद्या फांदीत झालेला बारीक बदल नेहमीच्या चाचणीत दिसेलच असं नाही, हा त्यांचा आक्षेप रास्त आहे. म्हणून हल्ली काळजी घेणारे लोक चिठ्ठीवर जातीच्या नावाबरोबर काडी कोणत्या गावच्या, कोणत्या झाडाची तेही लिहितात.