फुप्फुसातली जुनी गुठळी: दर वेळी जुन्या स्कॅनची सीडी का मागतो?

पायातून फुप्फुसात गेलेली रक्ताची गुठळी बहुतेकांच्या बाबतीत औषधांनी विरघळते. थोड्या जणांत मात्र रक्त पातळ करणारी गोळी तीन महिने नीट घेऊनही ती वाहिनीच्या भिंतीला घट्ट चिकटून राहते. वाट अरुंद होते, दाब वाढतो आणि हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण येतो. पूर्वी सहज चढणारा जिना चढताना मध्ये थांबावं लागतं.

अशी गुठळी शोधण्यासाठी आमच्या स्कॅन सेंटरमध्ये व्हीक्यू स्कॅन होतो. त्यात आम्ही फुप्फुसाची दोन चित्रं शेजारी ठेवून पाहतो: हवा कुठे पोचते आणि रक्त कुठे पोचतं. रक्ताच्या चित्रात फुप्फुसाच्या कडेला पाचरीसारखी रिकामी जागा दिसते, हवेच्या चित्रात तीच जागा भरलेली असते. गुठळीची खूण ती हीच. गुठळी काढण्याचं ऑपरेशन किंवा फुग्याने वाहिनी रुंद करण्याचा उपचार झाला असेल, तर ही जागा किती भरली हे आम्ही बघतो. ते जुन्या चित्राशी ताडूनच कळतं, नुसत्या जुन्या रिपोर्टवरून नाही. म्हणून सीडी आणि फिल्म दोन्ही आणा, दुसऱ्या सेंटरच्या असल्या तरी.

रिपोर्टमध्ये 'पूर्वीसारखेच' असं वाचून अनेक पेशंट निर्धास्त होतात. तिथे जरा थांबा. स्कॅनमध्ये दाब दिसत नाही. रिकाम्या जागा तेवढ्याच राहूनही दाब वाढू शकतो, कारण गुठळी नसलेल्या बारीक वाहिन्याही कालांतराने जाड होतात. दाबाचा अंदाज टूडी एकोवरून (हृदयाच्या सोनोग्राफीवरून) येतो, नेमकं माप हृदयात कॅथेटर, म्हणजे बारीक नळी, घालूनच मिळतं. त्यामुळे आमचा रिपोर्ट एको आणि सहा मिनिटांच्या चालण्याच्या चाचणीसोबत तुमच्या डॉक्टरांना दाखवा. पुढचा स्कॅन कधी, की सीटी अँजिओग्राफी (रक्तवाहिन्यांचा सीटी स्कॅन) करायची, हे तेच ठरवतील.

स्कॅनसाठी रक्त पातळ करणारी गोळी स्वतःहून बंद करू नका. फुप्फुसाचा दाब फार वाढलेला असेल तर स्कॅनसाठी देतो त्या इंजेक्शनआधी सांगा, आम्ही त्यातल्या बारीक कणांची संख्या कमी ठेवतो. इंजेक्शनमधल्या टेक्नेशियमचा किरणोत्सर्ग दर सहा तासांनी निम्मा होतो. तरीही गरोदर असाल किंवा बाळाला अंगावर पाजत असाल तर अपॉइंटमेंट घेतानाच कळवा. सीटी असेल तर क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाच्या रक्ततपासणीचा) ताजा रिपोर्ट आणा.

अचानक धाप वाढली, छातीत दुखलं, चक्कर आली किंवा खोकल्यातून रक्त पडलं, तर आमच्या तारखेची वाट बघू नका. थेट जवळच्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सी विभागात जा.