नॉयश्वानस्टाइन आणि एल्ट्स: यातला जुना किल्ला कोणता?

युरोप टूरच्या फोटोंत बव्हेरियातला पांढराशुभ्र नॉयश्वानस्टाइन असतोच आणि खाली ठरलेली ओळ असते: ‘मध्ययुगीन किल्ला’. मोझेल नदीजवळच्या एल्ट्सचा फोटो असला तरी ओळ तीच. दोन्ही जर्मनीत, दोन्ही झाडीत, दोन्हींना टोकदार मनोरे, आत गाइडसोबतच जायचं, फोटोला बंदी. साम्य इथे संपतं. एका किल्ल्याचं नाव दुसऱ्याच्या सातशे वर्षं आधीपासून कागदोपत्री आहे.

नॉयश्वानस्टाइन सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. बव्हेरियाचा राजा लुडविग दुसरा याने १८६९ मध्ये पायाभरणी केली. १८८६ मध्ये तो वारला तेव्हाही काम अपुरंच होतं. म्हणजे हा वाडा बोरीबंदरच्या व्हीटी स्टेशनच्या (१८७८-८८) काळातला. भिंती विटांच्या, वरून चुनखडीच्या दगडाचं आवरण. आत गरम हवेचं हीटिंग, मजल्यांवर नळाचं पाणी, टेलिफोनही. कल्पनाचित्रं काढणारा क्रिस्टियान यांक हा नाटकाचे पडदे रंगवणारा चित्रकार. सिंहासनाच्या दालनात संगमरवरी पायऱ्या आहेत, सिंहासन कधी आलंच नाही.

घोळ होतो तो पुढे. तारखा सांगितल्या की हमखास उत्तर येतं, ‘हो, पण जुनाच किल्ला होता ना, राजाने दुरुस्त केला.’ नाही! त्या कड्यावर दोन जुन्या गढ्यांचे अवशेष खरोखर होते. नव्या बांधकामासाठी ते काढून टाकले आणि खडकाचा माथाही सुरुंग लावून उतरवला. खरं मध्ययुग हटवून त्या जागी मध्ययुगासारखं दिसणारं काहीतरी उभं राहिलं. याला जीर्णोद्धार म्हणणं मला अजिबात मान्य नाही.

जीर्णोद्धार कसा असतो ते एल्ट्सला बघा, आणि तोही त्याच दशकांतला. काउंट कार्ल यांनी १८४५ ते १८८८ एवढा काळ घालवून, होतं ते जपत किल्ला सावरला. एल्ट्स घराण्याचा उल्लेख ११५७ च्या सनदेत सापडतो आणि मालकी आजही त्याच घराण्याकडे आहे. तेराव्या शतकात भावांच्या वाटण्या झाल्या, पण किल्ला फुटला नाही. तिन्ही शाखांनी एकाच चौकाभोवती आपापली घरं चढवली. खडकावर जागा अपुरी, म्हणून ती उंच आणि एकमेकांना खेटून. तो वेडावाकडा बाहेरचा आकार कुणी कागदावर आखलेला नाही, पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांच्या गरजेतून आलाय. सगळ्या शाखा जिथे जमत त्या दालनात भिंतीवर विदूषकांचे मुखवटे आहेत: इथे मोकळेपणाने बोला. दारावर कोरलेला गुलाब आहे: बोललेलं बाहेर जाऊ देऊ नका. भाऊबंदकी माहीत असलेल्या माणसाला त्या दालनात वेगळं काही समजवावं लागत नाही.

लढाईही इथे खरी झाली. १३३१ मध्ये ट्रियरचा आर्चबिशप बाल्डुइन याने समोरच्या टेकाडावर वेढ्यासाठी छोटी गढी बांधली आणि तिथून एल्ट्सवर दगड डागले. तिचे अवशेष अजून आहेत. गडकोट हिंडलेल्यांनी तिथे उभं राहून खालचा किल्ला बघावा. मारा कुठून झाला असेल ते लगेच लक्षात येतं. नॉयश्वानस्टाइनला असं काही शोधूच नका, तो शत्रूला अडवायला बांधलेला नाही.

तिकीट, बस, गर्दी हे फरक किरकोळ. नॉयश्वानस्टाइन जरूर बघा, पण एका राजाचं एकोणिसाव्या शतकातलं स्वप्न म्हणून. एकाच किल्ल्याला वेळ असेल, तर मी बेलाशक एल्ट्स सांगेन. मोझेलकेर्न स्टेशनवर उतरा, शेवटचा टप्पा ओढ्याकाठच्या झाडीतून चालत जा. हिवाळ्यात किल्ला बंद असतो, तेव्हा एप्रिल ते ऑक्टोबर यातलीच तारीख धरा.